आकडे पुसलेली तबकडी

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. राजनंदिनीने माझ्या काचेजवळ तोंड आणून, इतकं जवळ की काचेवर वाफ धरली, मला बजावलं होतं, "कुणाला सांगू नकोस हं." मला तोंड नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिने सांगितलं, कारण त्या घरात असलं काही बोलण्यासारखं तिला दुसरं कुणी नव्हतं. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून मी तबकडी स्वतःच बोलतेय.

वैमानिकासमोर घड्याळांसारखी जी गोल यंत्रं असतात, त्यांतली मी उंची दाखवणारी. काळा चेहरा, पांढरे आकडे, दोन सुया आणि खाली फिरवायची एक खुंटी. माझ्या पोटात पातळ पत्र्याची चपटी डबी आहे. विमान वर चढलं, हवा विरळ झाली, की डबी फुगते आणि सुया पुढे सरकतात. विमान उतरलं की त्या मागे येतात. एवढंच माझं काम.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मला बघायला येणाऱ्यांना वाटतं, हिने केवढ्या लढाया पाहिल्या असतील. मी एकही पाहिली नाही. मी सामान वाहणाऱ्या विमानात होते. जाताना तांदळाची पोती आणि औषधांच्या पेट्या, येताना जखमी माणसं. पावसाळ्यात डोंगरांवर ढग बसले की समोरच्या काचेतून नुसतं पांढरं दिसायचं. मग आमचा वैमानिक बाहेर बघणंच सोडून द्यायचा आणि माझ्याकडे बघायचा. डोळ्यांपेक्षा त्याला माझा भरवसा जास्त होता. मी त्याला एकदाही खोटं सांगितलं नाही.

युद्ध संपलं, विमान तोडलं, पत्रा वितळवायला गेला. आम्हा तबकड्यांना पोत्यात भरलं. त्यानंतर किती दुकानं फिरले ते सांगत नाही, कारण त्यातलं फारसं मलाच कळलं नाही. शेवटी छावणीच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे आले. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून तो मला त्यांवर ठेवायचा. पोटात अजून जीव असलेल्या यंत्राला नुसतं वजन म्हणून वापरलं, की फार एकटं वाटतं.

तिथे मला नानासाहेब भेटले. देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातला माणूस. शहरात वीज मंडळात नोकरी धरली आणि जन्मभर घरोघरी जाऊन मीटर वाचले. विमानात ते कधी बसले नाहीत. लहानपणी कपाशीच्या रानात उभं राहून एक विमान जाताना पाहिलं होतं आणि वडलांना विचारलं होतं, की आपण किती वर आहोत हे वरच्या माणसाला कसं कळतं. वडील म्हणाले, "खाली बघतो न् कळतं." त्या उत्तराने त्यांचं समाधान झालं नाही. पगार सुरू झाल्यापासून ते जुन्या विमानांच्या तबकड्या जमवू लागले.

भंगारवाल्याने मला फडक्याने पुसलं आणि म्हणाला, "ले जाव नाना, ये गाडी का मीटर नै, हवाई जहाज का हय." नानासाहेबांनी मला कानाशी धरून हलवलं, नाकाशी धरून वास घेतला, खुंटी हळूच फिरवली. सुया हलल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते त्या वैमानिकाच्या चेहऱ्यावर मी फक्त धावपट्टी दिसल्यावर पाहिलं होतं.

गारखेड्यातल्या त्यांच्या घराच्या माडीवर एक अख्खी भिंत आमची आहे. वेग दाखवणारी, वळण दाखवणारी, तेलाचा दाब दाखवणारी, अशा कितीतरी. त्यांचे नियम कडक. ओरखडा असला तर राहू द्यायचा, नवा रंग द्यायचा नाही. काच तर कधीच उघडायची नाही. वेगाच्या आणि वळणाच्या तबकडीला त्यांनी कुलपाच्या काचपेटीत ठेवलंय. त्यांच्या आकड्यांना अंधारात चमकणारा रंग आहे. चमक केव्हाच विझली, पण रंगातलं विष विझलेलं नाही. काच निघाली की त्याची भुकटी श्वासातून आत जाते. हे नानासाहेबच येईल त्याला समजावून सांगत. माझा रंग साधा पांढरा, म्हणून मी उघड्या भिंतीवर, हाताच्या उंचीला.

रोज संध्याकाळी खाली देवाजवळ दिवा लागला, की ते वर येऊन मला मोठ्याने वाचायचे. हवेचा दाब बदलला की जागच्या जागी माझ्या सुया सरकतात. ढग आले की घर वर चढतं, ऊन पडलं की खाली उतरतं. "आज आपलं घर साठ फूट वर गेलंय," असं त्यांनी जिन्यातून ओरडून सांगितलं, की खालून द्वारकाबाई, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "तरीच नळाला पाणी चढंना. उतरवा त्याला जरा."

नानासाहेबांनी वाचायचं आणि नातीने, राजनंदिनीने, तपासून "बरोबर" म्हणायचं, असा नेम होता. ती आता नववीत आहे. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी. पण तिची नजर अशी, की माझ्या लांब सुईच्या टोकाचा रंग केसाएवढा उडालाय हे आजवर फक्त तिला दिसलं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात नानासाहेबांनी पहिल्यांदा चुकीचं वाचलं. थोडंथोडकं नाही, शंभर फुटांनी. राजनंदिनीने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मोठ्यांचं चुकलं असं तोंडावर म्हणायची त्या घरात कुणाला सवय नाही, आणि तिला तर नाहीच. ती म्हणाली, "बरोबर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकलं. पुन्हा तिचं "बरोबर." मग ते रोजचंच झालं. त्यातल्याच एका संध्याकाळी तिने माझ्या काचेशी तोंड आणलं.

नानासाहेबांना वाटत होतं, दोष काचेचा आहे. ते रुमालाने मला पुसायचे, तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसायचे. "आतून धुकं धरलंय हिला," म्हणायचे. माझी काच निर्मळ होती. पण धुकं कुठे असतं हे ढगात शिरलेल्या माणसाला कळत नाही, हे मी पूर्वी पाहिलं होतं.

मग यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. घरातल्या साऱ्या हत्यारांना, अवजारांना त्या दिवशी अंघोळ. राजनंदिनीच्या वडलांनी, शिवराजने, स्कूटर धुतली. द्वारकाबाईंनी विळी, अडकित्ता आणि गावाकडचा कोयता घासला, पितळेसाठी चिंचेचं पाणी करून ठेवलं. नानासाहेबांनी मला भिंतीवरून उतरवलं. इतक्या वर्षांचा नियम त्या दिवशी त्यांनी मोडला. काचेभोवतीचं कडं सोडवलं, काच काढली, चिंचेच्या पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि माझ्या तोंडावरून फिरवलं. एकदा, दोनदा, चांगलं दाबून.

ऐंशी वर्षं उन्हातान्हात टिकलेले माझे आकडे त्या फडक्यावर निघून गेले. मला दुखलं नाही. फक्त एकदम काही आठवेनासं झाल्यासारखं वाटलं.

त्यांनी काच बसवली, मला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि नातीला हाक मारली. "आता कशी लख्ख झाली. वाच बरं."

राजनंदिनीने माझा कोरा काळा चेहरा पाहिला. पण आकडे कुठे होते हे तिला पाठ होतं. सुयांच्या टोकांवरून हिशेब करून तिने आकडा सांगितला.

"व्हय," नानासाहेब म्हणाले, "मला बी तेवढंच दिसायलंय."

दसरा उलटला. वाळलेली फुलं काढायला द्वारकाबाई माडीवर आल्या, तेव्हा राजनंदिनी माझ्यासमोर बसून होती. द्वारकाबाई आपल्याच नादात बोलत होत्या. यांनी काल चहात मीठ घातलं, परवा शेजाऱ्याच्या चपला घालून आले, डोळे दाखवा म्हणून किती दिवस मागे लागलेय. मग फुलांची टोपली खाली ठेवून म्हणाल्या, "मी म्हणलं का चला डॉक्टरकडं, की ते काय म्हणतात ठाव हाय का? म्हणतात, मला तबकडीवरची रेघ न् रेघ दिसती. राजीला विचार."

राजनंदिनीने फुलं वेचायला घेतली आणि तीच तीच फुलं टोपलीतून काढून पुन्हा टोपलीत टाकत राहिली.

त्याच रविवारी दुपारी नानासाहेब पेचकस घेऊन काचपेटीसमोर बसले. कुलूप निघालेलं होतं. वेगाची तबकडी त्यांच्या मांडीवर होती आणि कड्याचा पहिला स्क्रू सैल झाला होता. राजनंदिनी जिन्यातून आली ती दारातच थांबली.

"ये," ते म्हणाले, "बॅटरी धर. ह्या दोघींच्या बी काचा धुरकटल्यात."

"नाना, त्यात विष आहे. तुम्हीच सांगता."

"मला काय होतंय आता ह्या वयात. हळूच पुसतो, तू जवळ धर उजेड."

ती जागची हलली नाही. पेचकसाचं टोक दुसरा स्क्रू शोधत होतं, खाचेच्या आजूबाजूला, पत्र्यावर.

"नाना, काच स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"मग मला काहून दिसंना?"

तिने मला भिंतीवरून काढलं. वेगाची तबकडी उचलून पेटीत ठेवली आणि मला त्यांच्या हातात दिलं. "हिच्यावर आकडेच नाहीत, नाना. खंडेनवमीला पुसले गेले."

त्यांचा अंगठा माझ्या काचेवरून गोल फिरला, जणू आकडे हाताला लागणार होते.

"मग तू त्या दिवशी वाचलंस ते?"

"सुयांवरून. जागा पाठ आहेत मला."

"आन् मी वाचायलो ते?"

तिने काचपेटीचं दार लोटलं.

"सांग की. बरोबर असायचं का?"

"नाही."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चाचपून पेचकस खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे तान्ह्या लेकराला खेळवावं तसं खेळवलं तू मला."

डॉक्टरकडे जाऊन आल्यावर शिवराज माडीवर आला, काचपेटीला कुलूप घातलं आणि दाराशी उभ्या मुलीला सगळं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसेल, समोरचं नाही. वर्षभर आधी आले असते तर इंजेक्शनं देऊन बरंचसं राखता आलं असतं. "वर्षभर" हा शब्द त्याने सहज उच्चारला. त्याला काही ठाऊक नव्हतं. नातीने लपवलं हे नानासाहेबांनी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांनी तिला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त तिच्यावरचा त्यांचा विश्वास गेला. खालचं बोलणं जिन्यातून मला ऐकू येतं. राजनंदिनी म्हणते, "नाना, पुढे पायरी आहे." मग काठीचा आवाज थांबतो आणि नानासाहेब विचारतात, "अगं ए, पायरी हाय का इथं?" द्वारकाबाई "हाय" म्हणतात, तेव्हाच काठी पुढे जाते. ताटात वरण वाढलंय, दिवे गेलेत, दारात पोस्टमन आलाय, राजनंदिनी काहीही म्हणाली तरी तेच. द्वारकाबाईंना कळत नाही की लाडक्या नातीची प्रत्येक गोष्ट हा माणूस आपल्याला का विचारतो. त्या हसून म्हणतात, "तिला काय डोळे न्हाईत व्हय?"

राजनंदिनी आता वर येते ती फक्त झाडायला. केरसुणी फिरवताना माझ्याकडे पाठ करते.

मी तशी धड आहे. पोटातली डबी फुगते, सुया सरकतात, पण त्यांना टेकायला आकडा नाही. मी खरं तेच दाखवते आणि कुणाला ते वाचता येत नाही. येतं फक्त एका मुलीला, आणि तिचं आता नानासाहेब खरं मानत नाहीत. आज सकाळपासून आभाळ भरून आलंय, हवेचा दाब उतरलाय, माझी लांब सुई या घरात कधी नव्हे एवढी चढलीय. झाडायला आलेली राजनंदिनी बऱ्याच दिवसांनी माझ्यासमोर थांबली आहे. तिने नक्की पाहिलं. ओठ हलले, पण आकडा तिने गिळला.

तुम्ही हे वाचणारे कदाचित तिच्याच वयाचे असाल. माझी तुम्हाला एक विनवणी आहे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस काही चुकीचं वाचू लागलं, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. वाईट वाटू द्या. त्याच दिवशी, त्याच्या शेजारी बसून, त्याचा हात धरून त्याला...

"राजी," खालून नानासाहेबांची हाक आली, "ती आकडे गेलेली तबकडी उतरव न् आण इकडं. सुया कुठं गेल्यात ते सांग मला." मग म्हणाले, "आन् आज्जीला बी बोलव. तिला बी बघू दे."