मोडलेली कडी

कडी मी मोडली. पाडव्याच्या दुपारी, स्क्रूड्रायव्हर घालून, स्वतःच्याच घराची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही चोराला नको तेवढा दोष देणार नाही. चोरी मात्र त्यानेच केली.

चौतीस वर्षं मी दिल्लीत एका केंद्र सरकारी कार्यालयात फायली हाताळल्या. मग निवृत्त झाले, नवरा गेला आणि गाझियाबादच्या या तिसऱ्या मजल्यावर मी एकटी उरले. मुलगा प्रतीक गुरुग्रामला असतो. तो महिन्यातून एकदा यायचा, तोही घड्याळ बघत.

बिजेंदर पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला यायचा. पहिल्यांदा फिल्टर खरंच बिघडला होता. नंतर नाही. नंतर मीच मागचा पाइप थोडा सैल करायची आणि ओट्यावर पाणी झालं की त्याला फोन लावायची. सांगायला लाज वाटते, पण तेवढाच पाऊण तास घरात बोलायला माणूस असायचं. तो पोहे खात गावाकडच्या म्हशीचं सांगायचा, मी प्रतीकच्या लहानपणचं. तेच तेच ऐकूनही त्याने कधी मला थांबवलं नाही. दर पंधरा दिवसांनी पाइप सैल कसा होतो, हेही विचारलं नाही.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे सोनं देवीपुढे मांडतात. मीही बाहेरच्या खोलीत पाटावर माझ्या चार पाटल्या मांडल्या होत्या. एरवी पाडव्याच्या सकाळी त्या उचलून कपाटात जातात. यंदा प्रतीक आणि सूनबाई सुखदा जेवायला येणार होते, म्हणून पूजा तशीच ठेवली. एवढं मांडलेलं कुणी बघायला नको? बारा वाजता मेसेज आला, ट्रॅफिक खूप आहे, नेक्स्ट वीक पक्का. दोन माणसांसाठी केलेली बासुंदी झाकली आणि पाइप सैल केला.

सणाचा दिवस असूनही बिजेंदर आला. काम झाल्यावर त्याला बाहेरच्या खोलीत बसवून मी चहा टाकला. चहा घेऊन आले तर दार सताड उघडं आणि पाट रिकामा. मी खुर्चीत बसले आणि त्याचा चहासुद्धा मीच प्यायले. दुसरं काही सुचेना.

मग प्रतीकला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न होता, "यार आई, आत कोणाला घेतलं होतंस?"

"कोणालाच नाही," मी म्हटलं. "माझा जरा डोळा लागला होता." फोन ठेवला आणि उठून कडी मोडली. पोलिसांना लेखी तक्रारही तशीच दिली. शुद्ध हिंदीत, समासबिमास सोडून. नोकरीची सवय.

आठवड्याभरात बिजेंदर पाटल्या विकताना पकडला गेला. "दरवाज़ा आंटी ने ही खोला था," असं तो सांगत राहिला. चोराचं कोण ऐकतंय? त्याला जामीन मिळाला नाही.

इकडे माझा मुलगा मला परत मिळाला. घर फोडलं गेलं म्हटल्यावर प्रतीक हादरला होता. रोज संध्याकाळी फोन, दर रविवारी हजर. त्याने नवं कुलूप बसवलं, सोफ्यावर लोळला, दोनदा आमटी मागून घेतली. आठ महिने मी सुखात होते आणि ते आठ महिने बिजेंदर तुरुंगात होता. मला ते रोज ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी रविवारची वाट बघायची.

साक्षीच्या दिवशी प्रतीक रजा काढून माझ्याबरोबर कोर्टात आला. सरकारी वकिलांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, घर के अंदर से चोरी की, तो सात साल तक की सज़ा है. कुंडी तोड़कर घुसा, तो दस तक जा सकती है. बस, कुंडी वाली बात पर पक्की रहिए."

म्हणजे तीन वर्षं माझ्या स्क्रूड्रायव्हरची.

बिजेंदर वाळला होता. मला बघून त्याने सवयीने हात जोडले आणि मग ओशाळून खाली घेतले. त्याचा संताप आला. माझ्या चहाची तरी लाज बाळगायची होतीस, मेल्या! पण संताप आला तरी तीन वर्षं ती तीन वर्षंच.

"कुंडी मैंने तोड़ी," मी म्हटलं. "बाद में. दरवाज़ा भी मैंने खोला था. चोरी इसी ने की."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. मॅजिस्ट्रेट बाईंनी चष्मा काढला. "झूठी रिपोर्ट देना भी जुर्म है, पता है आपको?"

"जी."

"फ़िल्टर ख़राब था?"

"नहीं."

"तो इसे बुलाया क्यों?"

मागे प्रतीक बसला होता. मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "मैं अकेली थी. त्योहार था, बेटा आया नहीं. कोई बात करने वाला चाहिए था."

टाइप करणाऱ्याने विचारलं, "मैडम, ये भी लिखूँ?"

"इसकी ज़रूरत नहीं," त्या म्हणाल्या. "दरवाज़ा साक्षी ने स्वयं खोला, इतना लिखिए."

बाहेर आल्यावर प्रतीक माझ्याकडे वळला. आता चिडेल, ओरडेल, कदाचित रडेलही, असं मला वाटलं. ओरडला असता तरी चाललं असतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठा श्वास सोडला.

"म्हणजे घर कोणी फोडलंच नव्हतं, आई. सेफ आहे अगदी. मी उगाच एवढं टेन्शन घेत होतो."

आणि माझ्यासाठी कॅब बुक करायला त्याने फोन काढला. एकाच माणसाची.