बांधीत आहे, एवढंच लिहिलं होतं

मित्रांनो, माझा एक कोपरा उडाला आहे, चौकटीचा खिळा गंजला आहे आणि पाठीवर लाखेचा लाल डाग आहे. तरी रडगाणं गायला मी बसलेली नाही. मी एक जुनी दगडी पाटी आहे, आणि देवाच्या दयेनं सुखात आहे.

माझा जन्म खाणीतला. डोंगराच्या पोटातून मला थरासारखं सोडवलं, घासलं, लाकडी चौकटीत बसवलं. मग आमगावच्या बाजारात एका दुकानात मी पंधरा बहिणींसोबत सुतळीत बांधून पडले होते. तिथून दुलीचंद नावाच्या शेतकऱ्यानं मला आपल्या लेकीसाठी उचललं. लेकीचं नाव भूमिका. ती माझ्यावर 'ग' काढायची तो बदकासारखा दिसायचा. थुंकी लावून पुसायची, तेव्हा तिची आई सुशिलाबाई चुलीपासून ओरडायची, "विद्येले थुका लावते काय वं? फडकं घे!"

भूमिका मोठी झाली, नर्स होऊन नागपूरला गेली. मी फळीवर गेले. दोन वर्षं तर दुधाच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण म्हणून काढली. मांजर माझ्यावर बसायची. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण दूध तर राखलं.

मग एक दिवस सुशिलाबाईंनी मला धुऊन देवापुढे आणलं. झालं असं होतं की त्या एकदा सासूला तोडून बोलल्या होत्या, आणि माफी मागायच्या आधीच सासू गेली. ते त्यांच्या मनात काट्यासारखं राहिलं. तेव्हापासून त्यांनी सोमवारचं मौन धरलं. सूर्य उगवल्यापासून देवाजवळ दिवा लागेपर्यंत एक शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर माझ्यावर लिहायच्या. दुलीचंदभाऊंनी माझ्या मागच्या बाजूवर तैलरंगानं 'ॐ नमः शिवाय' काढून दिलं होतं, म्हणून लिहायला माझी एकच बाजू उरली. एक वाक्य पुसल्याशिवाय दुसरं लिहिता येत नसे. मित्रांनो, हे नीट ध्यानात ठेवा.

भुपेंद्र हा दुलीचंदभाऊंचा पुतण्या, शेजारच्याच घरात राहणारा. आठवडी बाजारात बांगड्या विकणाऱ्या नंदाबाईंना एका माणसानं ढकलून पाडलं, त्यांचा हात मोडला. ते भुपेंद्रनं डोळ्यांनी पाहिलं होतं. न्यायालयानं त्याला साक्षीला बोलावलं. तो दोनदा गेलाच नाही. "धानाची रोवणी सोडून कायले जाऊ? माझी काय भानगड आहे का?" म्हणायचा. तेव्हा न्यायालयानं त्याच्या नावाचं वारंट काढलं, की याला गाठा आणि येत्या मंगळवारच्या तारखेला हजर राहील असं लिहून घ्या.

ते वारंट घेऊन हवालदार आले तो श्रावणातला सोमवार होता. हवालदार सांगलीकडचे, बदलीवर येऊन महिनाच झालेला.

"बाई, भुपेंद्र कुठाय?"

सुशिलाबाईंनी हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्यावर लिहिलं, 'मौन आहे. बसा, पाणी घ्या.'

"असं होय. मला वाटलं मूग गिळलेत," हवालदार हसले. पाणी प्यायले. "पण भुपेंद्र कुठाय ते सांगा की."

सुशिलाबाईंनी मला पुसलं आणि लिहिलं, 'भुपेंद्र बांधीत आहे.'

हवालदारांनी ते वाचलं, खिशातल्या डायरीत जसंच्या तसं उतरवलं. सुशिलाबाईंनी मला पुन्हा पुसलं आणि लिहिलं, 'चहा घेता का?' चहा घेऊन हवालदार मोटारसायकलवर बसले आणि थेट गोंदियाजवळच्या फुलचूरला गेले.

फुलचूरला का? तर भुपेंद्र उन्हाळ्यात तिकडे गवंडीकाम करतो, हे त्यांनी चौकात ऐकलं होतं. बांधीत आहे, म्हणजे कोणाचं तरी घर बांधीत आहे! दिवसभर ते फुलचूरची अर्धी राहिलेली घरं हुडकत फिरले. आणि भुपेंद्र घरामागे चौथ्या बांधीत गुडघाभर चिखलात धान रोवत होता. आमच्या गोंदियाकडे धानाच्या खाचराला बांधी म्हणतात, हे त्या बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साक्षीदार नाही, तारीख पुढे गेली, हवालदारांना बोलणी बसली. त्यांनी रागानं अहवाल लिहिला. बाईनं जाणूनबुजून खोटा पत्ता दिला, सरकारी कामात अडथळा आणला, आणि पाटीवरचा मजकूर पुसून पुरावा नष्ट केला. गुन्हा नोंदला गेला. जी बाई मुंगीला बाजूला करून सडा टाकायची, तिच्या नावापुढे 'आरोपी' असा शब्द लागला.

सुशिलाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. शिक्षेपेक्षा त्यांना खोटारडी ठरण्याची भीती होती.

शेजारचे हिरालालभाऊ मात्र उपाय घेऊन आले. "वहिनी, हे पाटी फोडा न् बोडीच्या पाण्यात फेका. पाटीच नाही तर केस कायची? म्हणा, मी काही लिहिलंच नव्हतं."

मित्रांनो, माझं काळीज दगडाचंच आहे, तरी ते लटपटलं. सुशिलाबाईंनी मला छातीशी धरलं. "भाऊजी, आता जे केलं नाही त्याचा आळ आला आहे. हे फोडली तर तो आळ खरा होईल ना."

"तुमच्या भल्यासाठीच बोलून राहिलो, वहिनी."

"भलं करता तर उद्याचे गोंदियाचे मोटरचे टाइम सांगा."

दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून गोंदियाला गेले. नीतूताई बिसेन नावाच्या वकील होत्या. त्यांनी मला टेबलावर ठेवून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"फोडली नाही हे फार चांगलं केलं काकू," त्या म्हणाल्या. "पोलीस मागायला आले तर पंचनामा करून देऊन टाका. पोच घ्या."

"बाई, काम तर अडलंच ना त्यांचं? मग मी दोषी काऊन नाही?"

"नुसतं काम अडलं म्हणून गुन्हा होत नाही. तुम्ही ते अडवायचं म्हणून अडवलं, जाणून खोटं सांगितलं, लपवायला म्हणून पुसलं, हे त्यांना दाखवावं लागेल. तुमच्या मनात काय होतं, सारा खेळ त्याचा आहे. पण एक ऐका. गावात कोणाला 'असं सांग, तसं सांग' म्हणून शिकवू नका. भुपेंद्रला लपवू नका. ते केलं तर मग मीही वाचवू शकणार नाही. आणि तारीख एकही चुकवायची नाही."

"भुपेंद्रले तर मीच कान धरून आणीन," सुशिलाबाई म्हणाल्या.

पोलीस आले. गावातले चक्कीवाले देवानंद पंच झाले. मला कापडात बांधून लाखेचा शिक्का मारला आणि मी मुद्देमालाच्या खोलीत गेले. माझ्या एका बाजूला चोरीची पितळी घंटा, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी कुऱ्हाड. एक पावसाळा तिथेच गेला. अंधारात मला खडूच्या वासाची फार आठवण यायची.

मग एकदाचं खटल्याचं काम चाललं. मला उघडून न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवलं. हवालदार साक्षीला उभे राहिले. नीतूताईंनी त्यांना त्यांचीच डायरी वाचायला लावली.

"काय लिहिलं आहे?"

"भुपेंद्र बांधीत आहे."

"म्हणजे पाटीवरचा शब्द न् शब्द तुमच्याकडे आहे. मग पुसल्यानं कोणता पुरावा गेला?"

हवालदार डायरीचं पान उलटू लागले.

"बरं, त्याआधी पाटीवर काय होतं?"

"बसा, पाणी घ्या."

"ते कोणी पुसलं?"

"बाईंनीच."

"आणि तुमचा मजकूर पुसून लगेच काय लिहिलं?"

हवालदारांनी टोपी सावरली. "चहा घेता का."

"घेतला?"

"...घेतला."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी टेबलावर पेन वाजवलं. मग सरकारी बाजूचेच पंच देवानंद आले. नीतूताईंनी विचारलं, "गावाकडे बांधी म्हणजे काय हो?"

"धान लावते ते, मॅडम."

"आणि माणूस बांधीत आहे म्हणजे?"

"म्हणजे चिखलात आहे," देवानंद म्हणाले. "दुसरं काय राहील?"

आता सुशिलाबाईंना प्रश्न विचारायचे होते. पण वेळ संपली, तारीख पुढची मिळाली, आणि ती नेमकी सोमवारची निघाली. नऊ वर्षांत एक सोमवार मोडला नव्हता. नीतूताई म्हणाल्या, "काकू, गप्प राहायचा हक्क आरोपीला असतो. बोलल्या नाहीत तर तेवढ्यानं दोष लागत नाही. लेखीही देता येते."

सुशिलाबाईंनी मान हलवली, पण काही ठरवलं नसावं. त्या सोमवारी त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे ओठ मिटलेलेच होते.

न्यायाधीशांनी विचारलं, "पाटीवर लिहिलेलं तुम्ही पुसलं, हे खरं आहे का?"

सुशिलाबाईंनी डोळे मिटले. देवाला काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. मग बोलल्या. आवाज इतका हळू, की टायपिस्टनं हात थांबवला.

"हो साहेब. मी पाटी पुसली. नाही म्हणत नाही. पण बांधी म्हणजे काय, हे हवालदारसाहेबांनी मले पुसलं नाही. एकदा पुसलं असतं, तर मी पुन्हा लिहून दिलं असतं."

आमच्याकडे विचारण्यालाही पुसणंच म्हणतात, मित्रांनो. न्यायाधीशांना ते कळलं असावं, कारण लिहिताना ते गालात हसत होते.

महिन्याभरात निकाल लागला. खोटं सांगण्याचा वा पुरावा लपवण्याचा हेतू दिसत नाही, सुशिलाबाई निर्दोष. बाहेर व्हरांड्यात हवालदार जवळ आले. "बाई, मनात ठेवू नका. आमच्याकडं शेताला शेतच म्हणतात."

"मनात काय ठेवू भाऊ? तुम्हालेही दिवसभर उन्हात फिरावं लागलं," सुशिलाबाई म्हणाल्या. आणि मोडलेल्या सोमवारच्या बदल्यात त्यांनी दुसऱ्या एका दिवशी मौन पाळलं. दुलीचंदभाऊ म्हणाले, "देव काही मोजून नाही राहत." उत्तर लिहायला मी घरी नव्हते, म्हणून सुशिलाबाईंनी नुसतेच डोळे वटारले.

भुपेंद्रचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. काकू आपल्यामुळे आरोपी झाली हे त्याला तेव्हाच फार लागलं होतं. नंदाबाईंच्या पुढच्या तारखेला तो धुतलेला सदरा घालून सकाळी आठलाच न्यायालयाच्या पायरीवर जाऊन बसला. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. नंदाबाईंचा न्याय तेवढ्या एका साक्षीवाचून अडला होता. खरं सांगायचं तर, हवालदार शोधत फिरले, सुशिलाबाई झिजल्या, मी कैदेत गेले, याचं मूळ त्यानं चुकवलेल्या त्या दोन तारखांत होतं.

अपिलाची मुदत संपल्यावर मीही घरी आले. भुपेंद्रनं माझी चौकट नव्यानं आवळून दिली.

तर मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. न्यायालयानं बोलावलं तर जा. एखादा शब्द कळला नाही तर लाजू नका, समोरच्याला पुसा. चूक झालीच तर ती झाकायला दुसरी करू नका. आणि घरात एखादी पाटी, एखादं जुनं भांडं, एखादं म्हातारं माणूस अडगळीत पडलं असेल, तर त्याला धुऊन पुसून उजेडात आणा. त्याच्याकडेही सांगण्यासारखं काही असतं. कोणी ऐकायला बसलं, की आमच्यासारख्यांचं सारं भरून पावतं.