डाव्या कडेचा अंधार

सोळा वर्षं पार्लरमध्ये बायकांच्या हातापायांचं वॅक्सिंग केलेली बाई विज्ञानाच्या काय कामाची, असं कुणीही विचारलं असतं. धाकट्या जावेनंही सुरुवातीला मनातल्या मनात विचारलं असणार. ती पीएचडी. घरामागच्या दोन खोल्यांत तिनं कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या प्लेटी, बनवायचं काम मांडलं, आणि महिन्याभरात तिला कळून चुकलं की आपलं सगळं शिक्षण एका चिकटपट्टीपाशी येऊन अडतंय.

काम ऐकायला सोपं. कार्बनच्या नळ्या असतात, इतक्या बारीक की आपला केस त्यांच्यापुढे वासा वाटावा. त्या लगद्यात कालवायच्या, नाण्याएवढ्या धातूच्या प्लेटवर त्याचा पातळ थर छापायचा आणि भट्टीत भाजायचा. भाजून झाल्यावर नळ्या आडव्या झोपलेल्या असतात, आणि झोपलेली नळी इलेक्ट्रॉन सोडत नाही. मग थरावर टेप दाबायची आणि एका झटक्यात ओढायची. वरचा पापुद्रा टेपबरोबर जातो, खालच्या नळ्या ताठ उभ्या राहतात. धाकटीनं अशा नऊ प्लेटी फाडल्या, तेव्हा डबा द्यायला आलेल्या थोरलीला राहवलं नाही.

"अगं डॉक्टरीणबाई, वर काय ओढतेस? आडवी ओढ, आडवी. कातडीला धरून. दे इकडे."

दहावी प्लेट थोरलीनं सोलली, आणि तिच्यासमोरचा पडदा उजळला. पार्लर त्याच वर्षी बंद पडलं होतं आणि घरात थोरलीला कुणी काही विचारेनासं झालं होतं. या खोलीत मात्र तिच्या हाताची वाट बघितली जायची. ते तिला किती लागत होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तीन महिने घडी विस्कटली होती. सरावाच्या प्लेटी झकास निघायच्या, पण कुणाला दाखवायची किंवा पाठवायची प्लेट असली की हमखास जळायची. एक नाही, दोन नाही, अकरा. आज बारावी. बाटलीचा तळ खरवडून काढलेल्या लगद्याची ही शेवटची प्लेट. चार वाजता यंत्रवाले गृहस्थ येणार होते. रुग्णवाहिकेत मावेल असं एक्स-रेचं यंत्र ते बनवत होते आणि त्यांना पंधराशे व्होल्टवर अर्धा तास ठिणगी न उडता चालणारा कॅथोड हवा होता.

"ही गेली तर मी खोलीला कुलूप लावणार," धाकटीनं सकाळीच सांगून टाकलं होतं. "नंतर मला समजवायला येऊ नका कुणी."

एक वाजला होता. प्लेट व्हॅक्युमच्या पेटीत होती आणि दोघी जावा पेटीच्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. धाकटीच्या हातात व्होल्टेजचं बटण होतं. ती एकेक शंभर चढवायची, मिनिटभर थांबायची, पुन्हा चढवायची. सातशेला प्लेटसमोरच्या पडद्यावर हिरवे ठिपके उमटले. नऊशेला ते एकमेकांत मिसळले. हजारला सगळा पडदा हिरवागार झाला, फक्त डाव्या कडेला बोटाच्या पेराएवढा अंधार राहिला.

"आलं परत," धाकटी पुटपुटली.

अकराशेला त्या अंधारात निळी ठिणगी उडाली. मीटरचा काटा उडी मारून परत बसला. अशी प्रत्येक ठिणगी उभ्या नळ्यांचा एक घास घेते, हे आता थोरलीलाही ठाऊक होतं.

"भट्टीची डावी बाजू," धाकटी म्हणाली. तिचा आवाज एकदम थकला होता. "दोनदा उकलली, तारा बदलल्या, तरी तेच. जाऊबाई, तुमचं सोलणं बघा, उजवीकडे एक डाग नाही. तुम्ही सोन्यासारखं करता आणि मी त्याची माती करते. मला येतच नाही हे काम."

थोरलीची नजर टेबलावर सकाळी काढून ठेवलेल्या हातमोज्यांवर गेली होती. निळे मोजे. डाव्याचा अंगठा मात्र निळा नव्हता, दुधात बुडवून काढल्यासारखा पांढुरका होता. प्लेट ती डाव्या अंगठ्यानं धरायची. डाव्या कडेला.

तिनं त्या अंगठ्यावर बोट फिरवलं, बोट पांढरं झालं.

दारावर पाटी होती: पावडर, क्रीम, अंगठ्या बाहेर. पाटी तिनं पाळली होती, आपल्या समजुतीप्रमाणे. पण तिच्या तळहातांना घाम सुटायचा, आणि पार्लरमध्ये घामावर एकच औषध: आधी हाताला पावडर, मग मोजा. ती बाहेरच्या न्हाणीघरात पावडर लावायची, तिथेच मोजे चढवायची आणि मग आत यायची. मोज्याच्या आतली पावडर कुणाला काय करणार? पण पावडरच्या हातानं मोजा चढवताना पावडर बाहेरूनही लागते, हा साधा विचार सोळा वर्षांत करायची वेळच आली नव्हती. आणि घाम काही रोज सुटायचा नाही. सरावाच्या प्लेटीला हात कोरडे असायचे. महत्त्वाची प्लेट असली की सुटायचा.

अकराच्या अकरा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा तिच्या पर्समध्ये होता, झाकणाला चमेलीचं चित्र असलेला.

"बाराशे," धाकटी म्हणाली. लागोपाठ दोन ठिणग्या. "आता मी थांबत नाही. ती कड जाळून काढते. उरली तर उरली."

गप्प बसणं किती सोपं होतं! प्लेट जळली असती, भट्टीच्या नावानं अकराच्या बारा झाल्या असत्या, खोलीला कुलूप लागलं असतं आणि थोरली घरी गेली असती, सोन्यासारख्या हाताची. धाकटी मात्र आयुष्यभर समजून बसली असती की आपल्याला काही येत नाही. बोललं तर या खोलीतली जागा गेली. तेराशे. टक्क असा आवाज झाला आणि काटा थरथरत राहिला.

"थांब!"

धाकटीचा हात बटणावर तसाच होता. "काय झालं?"

"खाली घे. आधी खाली घे ते. भट्टी नाही गं. मी आहे." थोरलीनं मोजा उचलून तिच्यापुढे धरला. "पावडर आहे ही. मोज्यात घालत होते मी. घाम येतो म्हणून. तीन महिने."

धाकटीनं मोजा बघितला, मग काचेतला अंधार बघितला. बटण शून्यावर आणलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं.

"मी भट्टी दोनदा उकलली," धाकटी हळू म्हणाली. "घरी जेवताना घास उतरत नव्हता माझा. तुमच्यासमोर. रोज."

"माहितीय."

"काही माहीत नाही तुम्हाला." तिनं पेटीत हवा सोडायची चावी फिरवली. "आता एक शब्द बोलू नका माझ्याशी. साबणानं हात धुऊन या, कोपरापर्यंत. तो कोपरा पुन्हा सोलायचा आहे."

"एका जागी दोनदा ओढत नाहीत. कातडी निघते."

"निघू दे. तुम्हीच ओढायची."

भिंगाखाली काळ्या थरावर पावडरचे कण रव्यासारखे पसरलेले दिसले. धाकटीनं कोरड्या नायट्रोजनचा झोत मारला. बरेच उडाले, बाकीचे नळ्यांत रुतून बसले होते. थोरलीनं नवे मोजे घातले, पावडरवाचून. दोन मिनिटांत आत घामाचं तळं झालं. बोटं मोज्यात सरकत होती. टेपचा नखाएवढा तुकडा तिनं कडेला टेकवला, कणांना लागेल पण थराला बसणार नाही इतपतच दाबला. सोळा वर्षांत तिनं असंख्य बायकांना "श्वास सोडा" म्हणून सांगितलं होतं. तिनं श्वास सोडला आणि ओढली.

टेपवर पांढरे ठिपके आले होते, काळं अगदी थोडं. धाकटीनं भिंगातून बघितलं, मान हलवली आणि प्लेट पेटीत परत ठेवली. पंप सुरू झाला. पुढचे दोन तास दोघी एकाच बाकावर दोन टोकांना बसून होत्या.

यंत्रवाले चारला पाच कमी असताना आले. त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं आणि घड्याळ काढून हातात धरलं. धाकटीनं शंभर-शंभरनं चढवत पंधराशे गाठले. पडदा उजळला. डावी कड जरा फिकी होती, पण उजळली होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सव्विसाव्या मिनिटाला काटा थरथरला. काटा परत बसला. तीस.

"कड फिकी का?" यंत्रवाल्यांनी विचारलं.

"भट्टी जरा..." धाकटी म्हणायला लागली.

"माझ्या हातातून पावडर सांडली होती," थोरली म्हणाली. "भट्टी ठणठणीत आहे."

त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "कारण कळलंय म्हणजे पुढची चांगली होईल," ते म्हणाले. "नळ्या मी पाठवतो. अशा चार करा." आणि ते गेले.

थोरलीनं फळीवरचं रजिस्टर काढलं. जळलेल्या प्रत्येक प्लेटचा फोटो, आणि पुढे 'कारण' या रकान्यात धाकटीच्या अक्षरात एकच ओळ: भट्टी, चूक माझी. अकरा वेळा. थोरलीनं पेन घेतलं, पहिली ओळ खोडली, वर लिहिलं, 'पावडर. थोरली.' मग दुसरी. धाकटी मागे उभी राहून बघत होती. तिनं एकदाही राहू दे म्हटलं नाही. सहाव्या ओळीला थोरलीचे डोळे भरून आले, तरी ती लिहीत राहिली. तळहाताचा ओला ठसा पानावर उमटत गेला.

अकरावी ओळ संपली. थोरलीनं पर्समधला पावडरचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि ती दाराकडे निघाली.

"जाऊबाई."

ती थांबली.

"उद्या आठला या," धाकटी म्हणाली. तिनं डबा उचलून दाराबाहेरच्या कचऱ्यात टाकला. "हात ओले असले तरी चालतील मला. धुतलेले हवेत."