टोळांच्या सालची ओवी

"टोळांनी झाकलं ऊन, भर दुपारी रात झाली,
माझ्या जावेच्या गं घरी तरी लेक जन्मा आली."

आई थाळी बडवत टोळ हाकायची आणि गायची. गावात जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता. पोराचं साल ओवीत ठेवलं की हरवत नसे.

फोटोवाल्या ताईंनी आईचा तो आवाज मनात खोल पुरून टाकला होता. सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत सगळे त्यांना इथल्याच समजत. त्यांनीही समजू दिलं. सीमेपलीकडून आलेल्या दुष्काळवाल्यांची इथे काय पत्रास ठेवतात, ते त्या रोज बघत होत्या.

समोरच्या खोलीत लढाईतून आलेल्यांची नोंद चाले. बसायला खुर्च्या, पोरांना दूध, दिमतीला तीन दुभाषे. पोराचं वय आई चौदा म्हणाली, की कारकून चौदा लिहून मोकळा. दुष्काळातून आलेल्या पोरांना मात्र हाडांवरून वय ठरवायला ताईंच्या यंत्राखाली मनगट ठेवावं लागे. त्यांच्या आया खोट्या, हाडं तेवढी खरी.

आज एक पोरगी आली, सोबत तिची मावशी. आईबाप वाटेतच गेलेले. ताईंनी मनगटाचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो पाहिला न पाहिला आणि म्हणाले, "अठरा पूर्ण." म्हणजे मावशी कुटुंबांच्या छावणीत आणि पोरीची रवानगी एकट्या मोठ्यांच्या छावणीत.

"दुभाष्याला बोलवायचं का?" ताईंनी चाचरत विचारलं.

"यांची भाषा येते कुणाला?" नोंदणीचे साहेब हसले. "हाड बोललं ना ताई, आता माणसं कशाला बोलायला हवीत?"

मावशीने पोरीला पोटाशी धरलं. हात जोडून सांगून पाहिलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. कुणी मान वर करीना. तेव्हा ती घोगऱ्या गळ्याने गाऊ लागली. टोळांनी झाकलं ऊन. तीच चाल, तेच शब्द, फक्त जावेच्या जागी बहीण.

"झाली नाटकं सुरू," म्हणत साहेबांनी शिक्का उचलला.

ताईंनी अंगावरचा शिशाचा जड एप्रन काढून टेबलावर आदळला आणि शिक्क्याखालचा कागद ओढून घेतला.

"नाटक नाही. पोर टोळांच्या सालची आहे, असं सांगतेय ती. त्या साली मी बारा वर्षांची होते, आज अठ्ठावीस. सोळा लिहा."

"तुम्हाला हो काय कळतं यांचं?"

"मी तिथलीच आहे, साहेब." ताईंनी कागद हातातून सोडला नाही. "गेली पाच वर्षं या खोलीत आया काय सांगत होत्या, ते मला सगळं कळत होतं."