रिकामी नाव

सन १९८४, मीनम महिना, ऐन उन्हाळा. त्या महिन्यात मी केरळात, कुट्टनाडातल्या या टॉकीजमध्ये उतरलो. मी एक सिनेमा बोलतोय. नऊ रिळं, पत्र्याचे तीन डबे.

लोक मला विनोदी समजतात. आठ रिळं ते खरं आहे. नवव्यात एक नावाडी नावेत उभा राहून राजाची नक्कल करतो, तोल जाऊन पाण्यात पडतो. दोन्ही हात हलवतो. काठावरचे हसतात. मग रिकामी नाव वाहत जाते. बराच वेळ, एकटीच.

त्या नावेपायी इतर गावांनी मला आठवड्यात परत धाडलं. हसायला आलो होतो, सुतकाला नाही, म्हणाले.

नावाडी झालेला चेल्लप्पन इथलाच. सिनेमावाल्यांनी त्याला नावेसकट उचललं होतं. पहिल्या खेळाला सारं गाव आलं आणि मान खाली घालून गेलं. ऑपरेटर पौलोसनं कात्री घेतली. रिकाम्या नावेचे नव्वद फूट कापून चहाच्या डब्यात टाकले.

"चेट्टा, माझी नाव कापलीस?" चेल्लप्पननं विचारलं. पौलोसला सारे चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायचे.

"तू राहिलास ना? नाव काय, पुढच्या सिनेमात नायिका होईल."

दोघं हसले. मी पाच आठवडे चाललो. पुढं मला न्यायला कोणी आलंच नाही, म्हणून दर रविवारी लागत राहिलो.

धक्क्यावर पोरं ओरडायची, "राजा, बुड की." चेल्लप्पन उडी टाकून हात हलवायचा, वर यायचा. गाव टाळ्या वाजवायचं. मला ते आवडलं नाही. हातांनंतर काय येतं, ते आता फक्त मलाच आठवत होतं.

कर्किडकममध्ये, ऐन पावसाळ्यात, पूर आला. भर प्रवाहात चेल्लप्पनचा बांबू निसटला, तो पडला. दोन्ही हात हलवले. धक्क्यावर वीस माणसं होती. पौलोसही होता.

"बास रे राजा, सर्दी होईल," पौलोस ओरडला.

टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत भातशेताच्या बांधाला लागलं.

सोळाव्या दिवसाचे विधी झाल्यावर त्याची बायको कार्त्यायनी मशीनच्या खोलीत आली.

"पौलोसचेट्टा, तो तुकडा आहे?"

"आहे."

"गाव म्हणतं, त्याची मस्करी त्यालाच भोवली. शेवट कापला कोणी, ते कोणी म्हणत नाही. जोडा."

"हात हलताना लोक हसतील गं."

"हसू देत. त्या वीस जणांना बोलवा. मी पुढं बसते."

रविवारी दुपारी वीसही आले. पौलोसनं जोड लावला. पडद्यावर हात हलले. सवयीनं एक जण हसला, मग त्यानं तोंडावर पंचा धरला.

जोड खट्‌कन पुढं गेला. रिकामी नाव आली. कार्त्यायनी उठली, पडद्याकडे पाठ केली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. पौलोसनं दिवे लावले नाहीत. नाव शेवटपर्यंत गेली.

गावाचे नव्वद फूट मी देणं लागत होतो. ते दिले.