ट्रॉली कोणी धुतली

योगिनी रिठदला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी गेम लिहिते. यंदाचा गेम तपासाचा होता. पुलावर एक दूधवाला मरून पडतो. त्याला कोणत्या गाडीने उडवलं, ते खेळणाऱ्याने शोधायचं. खुणा जागोजागी ठेवलेल्या, पण एकही चमकत नाही. दोन खुणांचा मेळ ज्याने त्याने स्वतः घालायचा. तो बसला की माणसाला जे वाटतं, त्यासाठीच असले गेम खेळले जातात, असं ती कंपनीच्या बैठकांत सांगत आली होती.

तिचा नवरा, नवीन, गेल्या वर्षी सोयाबीनच्या हंगामात केनवडच्या रस्त्यावर तसाच गेला. त्याच्या वडिलांच्या, जानरावांच्या, जबाबावरून कागदावर ‘अज्ञात वाहन’ लागलं. योगिनीचा संशय मुन्नावर होता. मुन्ना जानरावांचा भाचा. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली धुतलेली तिने पाहिली होती. सासऱ्यांना हे माहीत आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. विषय काढला की ते उठून जात.

कंपनीला चाचणीसाठी कधीच गेम न खेळलेला माणूस हवा होता. तिने टॅब जानरावांच्या हातात दिला.

दुपारभर ते खेळले.

“हा पोलीस कायले येवढा हिंडून राह्यला? येका जागी उभा राहून पाह्य म्हना त्याले.”

“तो पोलीस तुमीच हाये, मामाजी,” योगिनीने सासऱ्यांना सांगितलं.

“मंग पगार कोन देते?”

ट्रकवाल्याला त्यांनी सोडलं, जीपवाल्याला दोनदा दम दिला. मग ते ट्रॅक्टरपाशी आले आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

“सापडला! सोंगणीच्या दिवसात ट्रॉली धुते का कोनी? लोकाईले जेवाले सवड नाही, अन् हा गडी ट्रॉली धुते. लबाड! अन् डावा दिवाबी नवा बसवला त्यानं.”

“कोनता दिवा?” योगिनीने विचारलं.

जानरावांनी पडद्याकडे पाहिलं. गेममधल्या ट्रॅक्टरचे दोन्ही दिवे सारखेच जुने, धुळीने भरलेले होते. तिने चित्रकाराकडून ते तसेच काढून घेतले होते. दिवा बदलल्याबद्दल तिने या क्षणापर्यंत काही ऐकलंही नव्हतं.

शेवटचा पडदा आला: ट्रकवाला, जीपवाला, ट्रॅक्टरवाला, आणि सगळ्यात खाली ‘अज्ञात वाहन’. जानरावांचं बोट थोडा वेळ वर थांबलं. मग त्यांनी खालचं दाबलं. तपास बंद झाला. पुलावरून गाड्या सुरू झाल्या. त्यांत तो ट्रॅक्टरही गेला.

“बरोबर आलं का?”

“गेम सांगत नाही.”

“असा कसा गेम?”

“खेळनाऱ्याले माहीत असते.”

बाहेर कोणीतरी मोटरसायकल चालू करत होतं. ती चालू झाली तसा जानरावांनी टॅब खाली ठेवला.

“ललिताले तो येकच हाये,” जानराव म्हणाले. ललिताबाई त्यांची बहीण, मुन्नाची आई. “माहा त गेला. तिचा तरी राहू दे, म्हनलं.”

योगिनी “हो” म्हणाली. मेळ बसला होता, आणि तो तिने स्वतः घातला होता. तिला काहीही वाटलं नाही.

“मले उद्या पोलीस ठाण्यात जा लागते,” ती म्हणाली. “दिवा मी पाह्यला नाही, मामाजी. तुमी पाह्यला.”

टॅबवर खेळ आपोआप पहिल्यापासून लागला होता. दूधवाला सायकलवर कॅन बांधून पुलाकडे निघाला होता.

“हे बंद कसं करा लागते?” जानरावांनी विचारलं.

तिने बटण दाखवलं.