उलट्या पायांचं रेडकू

कोपरापर्यंत गोडेतेल चोपडून द्वारकाबाईंनी अडलेल्या म्हशीच्या आत हात घातला. दोन खूर लागले. खुराच्या बेचक्यात त्यांनी चिमटा काढला, तसा पाय झटक्यानं मागं गेला. रेडकू जितं होतं. बोटं वर सरकवली. खुरावरचा सांधा एकीकडं वाकत होता, त्याच्या वरचा दुसरीकडं. मागचे पाय. रेडकू उलटं येत होतं, आणि उलट्याला फार वेळ नसतो.

त्यांनी हात बाहेर काढला आणि गोठ्याच्या दारातल्या दगडावर जाऊन बसल्या.

"काय झालं, आत्या?" सोपाननं विचारलं. म्हैस त्याचीच; सकाळपासून तो आत रेडकाचं डोकं शोधत होता. इंदापूरचे डॉक्टर शिबिराला गेलेले. शेवटी त्याची बायकोच द्वारकाबाईंना बोलावून घेऊन आली होती.

ब्याण्णव साली बारामतीहून जनावरांच्या उपचाराचं महिनाभराचं प्रशिक्षण घेऊन आल्यावर याच सोपाननं शेळगावच्या पारावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "ह्या अडाणी बाईचा हात लावून घ्याल, तर जनावराला मुकाल." त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून द्वारकाबाईंच्या दारी कुणी फिरकलं नव्हतं. आज तीच माणसं गोठ्याभोवती उभी होती.

"सोपानराव, तुमी शिकलेली मानसं. पुढचं पाय का मागचं, वळखायचं कसं?"

सोपान घडाघडा म्हणाला, "पुढच्या पायाचे दोन्ही सांधे एकाच दिशेला वाकतात. मागच्या पायाचे विरुद्ध दिशांना वाकतात."

"मग आता हात घालून सांगा."

त्यानं हात घातला. बराच वेळ चाचपलं.

"पुढचंच हायत."

"नीट बघा."

म्हशीनं पाय झाडले, कण्हली. सोपानची बायको काकुळतीला आली. "आत्या, तुमीच बघा की आता."

द्वारकाबाई हलल्या नाहीत. "आदी ह्याला म्हनू दे, मला कळत न्हाय म्हनून."

सोपाननं जमलेल्या माणसांकडं पाहिलं. ओठ आवळून पुन्हा हात घातला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. अखेर मान खाली घालून तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"न्हाय कळत मला!"

तेव्हा त्या उठल्या. तीन कळांत त्यांनी रेडकू ओढून बाहेर काढलं. मादी होती, पारडी. नाकात काडी फिरवली, छाती चोळली, मागचे पाय धरून उलटी टांगली. पारडी हलली नाही.

"म्हस वाचली, लई झालं," माणसं म्हणाली. "द्वारकाबाईचा हात तो हातच."

सोपान वाकून त्यांच्या पाया पडला. त्याचे डोळे भरले होते.

"चुकलं माझं, आत्या. पर आता मला शिकवा. आत रेडकू जितं हाय का मेलं, ते कसं वळखायचं?"

म्हैस पारडीला चाटू लागली होती. द्वारकाबाईंनी तेलकट हात पदराला पुसला, मग पुन्हा पुसला.

"ते हाताला समजत न्हाय, सोपाना," त्या म्हणाल्या.